मिशन ट्रिपवर दिव्यांग मुलांच्या शाळेत जाताना काय शिकून जावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी 19 वर्षांची आहे, घर टेक्सासमध्ये, आईवडील मूळचे नगरचे. तिच्या चर्चचा युवक संघ जुलैमध्ये दोन आठवड्यांसाठी केनियाला चालला आहे. नैरोबीपासून वर, डोंगराळ भागात चर्चनेच चालवलेली दिव्यांग मुलांची निवासी शाळा आहे, तिथे ही मंडळी मदत करणार. हिचं वैद्यकीय शिक्षण काहीच नाही. काय शिकून जाऊ, काय घेऊन जाऊ, आणि "तू तिथे जाऊन नेमकं करणार काय?" असं आई विचारते तिला काय सांगू, असं तिने लिहिलं आहे.

आईला सांग, मी कपडे धुणार, बटाटे सोलणार आणि व्हीलचेअरची चाकं साफ करणार. हे मी पूर्ण विचार करून सांगते आहे. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. सुरुवातीची वर्षं मिरजेत गेली, पुढची बरीच केनियातल्या एका मिशनच्या पुनर्वसन केंद्रात. दर जून-जुलैला बाहेरून युवकांचे गट यायचे आणि त्यांना कामं वाटून द्यायचं माझ्याकडे असायचं. त्यामुळे पाहुणे आल्यावर तिथल्या माणसांचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. माझं मत पक्कं झालं आहे: दोन आठवड्यांसाठी आलेल्या माणसाने आधी त्या मुलांचं रोजचं सगळं करणाऱ्या बायकांचे हात मोकळे करावेत. मुलांचं भलं त्यातून होतं.

या बायकांना तिथे हाउस मदर म्हणतात. आपल्याकडच्या वसतिगृहातल्या मावश्यांसारख्याच. एकेकीकडे आठ-दहा मुलं, कधी त्याहून जास्त. पहाटे उठल्यावर पहिलं काम ओली अंथरुणं काढायची. स्पायना बायफिडाच्या मुलांना, म्हणजे ज्यांचा मणका जन्मतःच नीट मिटलेला नसतो अशांना, बहुधा लघवीवर ताबा नसतो. सीपीच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या, काही मुलांचंही तसंच. रोज ढीगभर चादरी, दुपटी, गणवेश, आणि सगळं हाताने धुवायचं. जुलै हा तिथला थंडीचा महिना. 2,000 मीटरच्या वरच्या गावांत धुकं दुपारपर्यंत हटत नाही, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. (आफ्रिका म्हणून फक्त बिनबाह्यांचे कपडे भरू नकोस. जाड स्वेटर घे.)

आता या धुण्याचा आणि मुलाच्या तब्येतीचा संबंध कसा आहे ते बघ. सकाळी उजी असते, म्हणजे नाचणीच्या किंवा मक्याच्या पिठाची पेज. सीपी असलेलं मूल ती कशी पितं? मान मागे पडलेली, जबडा स्थिर नाही, जीभ घास बाहेर ढकलते. मावशीला घाई असली की मूल मांडीवर आडवं घेतलं जातं, मान मागे, आणि पेज वरून ओतली जाते. पेज पातळ, वेगाने खाली जाते आणि थोडी श्वासनलिकेत उतरते. ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, आवाज ओलसर घरघरता होतो. काही मुलांना तर ठसकासुद्धा लागत नाही, अन्न गुपचूप फुप्फुसात जातं. मग ताप, मग निमोनिया. सीपीची कितीतरी मुलं यानेच दगावतात.

नीट भरवायचं तर मूल सरळ बसवावं लागतं. ढुंगण खुर्चीच्या मागच्या टोकाला टेकलेलं, पाय टेकलेले, मान सरळ, हनुवटी किंचित खाली. पेज थोडी दाट. चमचा लहान आणि उथळ, तो समोरून यायला हवा, वरून नाही, म्हणजे मूल वर बघत नाही. एक घास, मग थांबायचं. गळ्याची हालचाल पाहायची, गिळलं याची खात्री झाल्यावरच दुसरा. खाऊन झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. एका मुलाला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. आठ मुलं असलेल्या बाईने हा वेळ कुठून काढायचा? तिला हे सगळं माहीत असतं. प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. तिच्याकडे नसते ती फक्त सवड.

अशा वेळी पाहुणी मुलं हौसेने म्हणतात, "आम्ही भरवतो." त्यांना मी नाही म्हणायचे. कुठल्या मुलाला कोणत्या बाजूला घास द्यायचा, कोण दमलं की तोंड मिटतं, कोणाला हसवलं की ठसका लागतो, हे मावशीला वर्षानुवर्षांच्या सवयीने कळतं आणि पाहुण्याला ते दोन आठवड्यांत येत नाही. पण धुणं येतं. चादरी पिळणं, दोरीवर टाकणं, घड्या घालणं, गितेरीसाठी, म्हणजे तिथल्या मका-घेवड्याच्या उसळीसाठी, दाणे निवडणं, भांडी घासणं, अंगण झाडणं, हे कुणालाही येतं. एका गटाने आल्या दिवसापासून हेच केलं. चार-पाच दिवसांत मावश्या मुलांसमोर स्टूल घेऊन बसायला लागल्या आणि जेवणं सावकाश व्हायला लागली. एक मुलगा एरवी निम्मी वाटी सांडायचा. तो त्या आठवड्यात पूर्ण वाटी संपवत होता, कारण दोन घासांच्या मध्ये कुणीतरी त्याच्यासाठी थांबत होतं.

दुसरं काम व्हीलचेअरचं, आणि ते तुमच्या वयाच्या मुलांना फार छान जमतं. परदेशातून देणगी म्हणून आलेल्या खुर्च्या बऱ्याच शाळांत अडगळीत पडलेल्या असतात. हॉस्पिटलात पेशंटला एका खोलीतून दुसरीकडे नेण्याच्या त्या खुर्च्या, मोठ्या माणसांच्या मापाच्या, मधोमध झोळ पडलेली सीट. त्यात दिवसभर बसणाऱ्या मुलाचा कंबरेचा भाग एका बाजूला घसरतो, पाठ वाकडी होत जाते, आणि संवेदना नसलेल्या मुलांना बसून बसून जखमा होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली कमी साधनांच्या देशांसाठी व्हीलचेअरची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा रोख हाच आहे की खुर्ची नुसती वाटायची वस्तू नाही. माप घेणं, बसवून पाहणं, वापरणाऱ्याला शिकवणं आणि पुढे दुरुस्ती, हे सगळं मिळून ती सेवा होते. म्हणून तुमच्या मंडळीत कुणी जुन्या व्हीलचेअर गोळा करून कंटेनर पाठवायचं म्हणत असेल, तर आधी शाळेच्या थेरपिस्टला विचारायला सांग. केनियात असोसिएशन फॉर द फिजिकली डिसेबल्ड ऑफ केनिया ही संस्था 1958 पासून काम करते आणि तिची नैरोबीत खुर्च्या बनवणारी स्वतःची कार्यशाळा आहे. तिथली खुर्ची मोडली तर सुटा भाग तिथेच मिळतो.

ज्या खुर्च्या वापरात आहेत त्यांची देखभाल मात्र तुम्ही करू शकता. पुढची दोन छोटी चाकं उलटी करून बघ. आसाभोवती केस, दोरे, गवत गुंडाळलेलं असतं, त्याने चाक जाम होतं आणि मुलाच्या खांद्यांना दुप्पट जोर लावावा लागतो. चिमट्याने आणि छोट्या कात्रीने ते काढायचं. टायरमध्ये हवा कमी असेल तर ब्रेक लागत नाही, कारण ब्रेकचा दांडा टायरला पोहोचतच नाही. हवा भरायची, पंक्चर काढायचं, सैल नट आवळायचे, सीटखालची गादी उलटीसुलटी बसवली नाही ना ते पाहायचं. हातात घेतलेल्या खुर्चीवर कुणाचं नाव आहे ते लिहून ठेव आणि संध्याकाळपर्यंत त्याच मुलाला परत कर. खुर्ची नेली म्हणजे त्या मुलाचे पाय नेले. पट्टे, पाठीचे आधार, मांड्यांमधली ठोकळी यांना थेरपिस्टला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ते वाकडे दिसले तरी त्या मुलाच्या मापाने मुद्दाम तसे लावलेले असू शकतात.

मुलांबरोबर खेळणार तुम्ही, ते होणारच आणि व्हावंही. त्यासाठी काही गोष्टी पाठ करून जा. रबरी फुगे न्यायचे नाहीत. स्पायना बायफिडाच्या मुलांमध्ये लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी बरीच आढळते आणि ती जिवावर बेतू शकते. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकण्याची भीती वेगळी. साबणाचे फुगे न्या, मुलांना ते जास्तच आवडतात. याच मुलांना पायांत बहुधा संवेदना कमी असते किंवा नसते, म्हणून तापलेला पत्रा, गरम पाण्याची बादली, शेकोटी यांच्यापासून लांब. डाउन सिंड्रोमच्या मुलांना कोलांट्या मारायला लावायच्या नाहीत, मानेचे मणके सैल असू शकतात. कुठल्याही मुलाला काखेत हात घालून ओढत उचलायचं नाही. आधी त्याला सांगायचं, खुर्चीचे ब्रेक लावायचे, मग दोघांनी मिळून, आणि पहिल्यांदा मावशीने दाखवल्यावरच.

आकडी येईल, ती बघायची तयारी ठेव. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, गळ्याजवळचं बटण सैल, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ताबडतोब नर्स आणि दवाखाना. तोंडात चमचा घालणं, हातपाय दाबून धरणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, हे आपल्या घरांत अजून चालतं. यातलं काहीही करायचं नाही. आणि डोक्यात पाणी झालेल्या, शंट (म्हणजे ते पाणी बाहेर काढून पोटात सोडणारी बारीक नळी) बसवलेल्या मुलाने सकाळपासून उलट्या केल्या किंवा ते भलत्या वेळी गुंगीत गेलं, तर "प्रवासाने दमलं असेल" असा अंदाज न बांधता नर्सला सांगायचं, त्याच मिनिटाला.

आता जरा अवघड विषय. तिथे पोहोचल्यावर पहिल्या तासात कुणीतरी लहान मूल येऊन तुझ्या गळ्यात हात टाकेल, सोडणार नाही. तुझे डोळे भरून येतील आणि वाटेल, मी याच्यासाठीच आले. ते मूल प्रेमळ आहेच. पण अनोळखी माणसाला असं बिलगणं हे पुष्कळदा सतत माणसं बदलत राहिल्याचं लक्षण असतं. रोमानियात 1989 नंतर जगासमोर आलेल्या अनाथालयांतल्या मुलांवर बुखारेस्टमध्ये मोठा अभ्यास झाला. 136 मुलांपैकी निम्म्यांना कुटुंबांत ठेवलं गेलं, बाकीच्यांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. कुटुंबात गेलेली मुलं, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेली, कितीतरी बाबतींत पुढे निघाली. संस्थेत मूल वाढणं हेच मुलाला इजा करतं, हे त्यातून फार स्पष्ट झालं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2019च्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवा-सहलींचा धोका नाव घेऊन सांगितला. केनिया सरकारचं 2022 ते 2032चं धोरणही मुलांना संस्थांतून कुटुंबांकडे नेण्याचंच आहे.

म्हणून तिकीट काढण्याआधी तुमच्या पाळकसाहेबांना एक गोष्ट विचारायला लाव: ऑगस्टमध्ये ही मुलं कुठे असतात? केनियातल्या शाळांना एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये सुट्ट्या असतात. खरी निवासी शाळा असेल तर मुलं आईबापांकडे, आजीकडे घरी जातात आणि शाळा जवळपास रिकामी होते. "मुलं बारा महिने इथेच असतात, त्यांना कुणी नाही" असं उत्तर आलं, तर पुढे विचारा: घर शोधायला कोण जातं, समाजसेवक आहे का, वर्षभरात किती मुलं घरी परतली? अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबी आणि जवळ शाळा-दवाखाना नसणं, म्हणून मूल आलेलं असतं. दिव्यांग मुलाच्या बाबतीत तर जास्तच. या प्रश्नांवर टाळाटाळ झाली तर मी जाऊ नकोस म्हणेन, आणि गटातही ते उघड बोल म्हणेन.

शाळा चांगली असली तरी काही नेम पाळावे लागतात. 2012 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याचं प्रमाण इतर मुलांच्या 3.7 पट आढळलं. त्यामुळे आंघोळ, कपडे बदलणं, कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालणं हे पाहुण्यांनी करायचंच नाही, आणि कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही. तुमच्या गटाची पार्श्वभूमी-तपासणी शाळेने मागितली नसेल तर तुम्ही होऊन करून द्या. फोटोचा प्रश्न मी एका ओळीत सोडवायचे: आपल्या घरातल्या मुलाचा असा फोटो अनोळखी माणसाने टाकलेला चालेल का? ओल्या कपड्यातलं, लाळ गळणारं, रडणारं मूल चर्चच्या स्लाइडवर नको. काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढा, त्यांना विचारून.

निघायच्या दिवसाबद्दल पहिल्याच दिवशी सांगायचं. "पुढच्या शुक्रवारी आम्ही घरी जाणार" हे मुलांना रोज माहीत असावं. "मी परत येईन" असं म्हणायचं नाही, मनात असलं तरी. एकाच मुलाला जवळ करायचं नाही, वेगळं खेळणं द्यायचं नाही. आणलेलं सगळं मावशीच्या हातात द्या, ती वाटेल.

प्रार्थनेविषयी तू विचारलं नाहीस, पण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. येशूच्या शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बघून विचारलं होतं, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? योहानाच्या नवव्या अध्यायात येशूने दोन्ही नाकारलं. तरी आज कित्येक आया, तिथल्या काय आणि आपल्या खेड्यांतल्या काय, "हे माझ्या कुठल्या पापाचं फळ" हे ओझं घेऊन जगतात. त्यांच्यासमोर गट जमवून, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, "विश्वास ठेव, चालायला लागशील" असं म्हटलं गेलेलं मी ऐकलं आहे. गट गेल्यावर ते मूल आठवडाभर स्वतःच्या पायांकडे बघत होतं आणि आपला विश्वास कमी पडला असं त्याने मावशीला सांगितलं. कृपा करून हे करू नका. बार्तिमय आंधळा आहे हे समोर दिसत असूनही येशूने त्याला आधी विचारलं, तुला काय हवं? तेवढं विचारलंत तरी पुष्कळ. मुलं सांगतात. एकीला फक्त फुटबॉलची मॅच मैदानाच्या कडेला बसून बघायची होती, खिडकीतून नाही. खुर्ची खडीवरून न्यायला चार जण लागले, तेवढंच.

आपण नगर-मिरजेकडची मंडळी मिशन दुसऱ्या बाजूने ओळखतो. आपल्या पणजोबांच्या दारात परके लोक आले होते. त्यातले कोण आपल्याला आठवतात? डॉ. वानलेस 1889 साली आले, मिरजेत दवाखाना उभा केला आणि जवळजवळ 40 वर्षं राहिले, भाषा शिकले, इथल्या पोरांना डॉक्टरकी शिकवली. युगांडातल्या म्बालेमध्ये 2000 नंतरच्या काही वर्षांत डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी डोक्यात पाणी होणाऱ्या बाळांसाठी शंटशिवायची शस्त्रक्रिया बसवली, तेही तिथे कुटुंबासह राहून, एका ख्रिस्ती रुग्णालयात, आणि ती युगांडाच्या शल्यचिकित्सकांना शिकवली. दोन आठवड्यांत हे होत नाही आणि व्हायची अपेक्षाही नाही. पण अशा टिकून राहिलेल्या माणसांच्या हाताखाली दोन आठवडे काम करणं शक्य आहे, म्हणून शाळेतला सर्वांत जुना माणूस कोण ते पहिल्या दिवशी विचार आणि तो सांगेल ते कर.

सामानाचं पटकन सांगते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात ऑगस्ट 2017 पासून कडक बंदी आहे, बॅगेत त्या भरू नका. सायकलचा पंप, पंक्चरचं सामान, एलन कीचा (षटकोनी पान्यांचा) संच, चिमटे, रबरी बूट. हातमोजे न्यायचे तर नायट्राइलचे, लेटेक्सचे नाहीत. कपडे आणि खेळणी तिथल्या बाजारात विकत घ्या, दुकानदाराला चार पैसे मिळतील. लसी आणि मलेरियाच्या गोळ्यांचं ट्रॅव्हल क्लिनिकला विचार. आणि एक आपल्या लोकांना हमखास नडणारी गोष्ट: केनियाहून पुढे आजीला भेटायला भारतात जाणार असशील, तर पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतोच, आणि तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत.

भाषेसाठी महिनाभर रोज थोडी स्वाहिली कर: नमस्कार, नाव, पाणी, दुखतंय का, थांब, पुन्हा. कर्णबधिर मुलं असतील तर केनियन साइन लँग्वेज वेगळी आहे, अमेरिकेतली चालेल असं धरू नको. केनियाच्या 2010च्या राज्यघटनेने तिला संसदेच्या अधिकृत भाषांत स्थान दिलं आहे. मुलं स्वतः शिकवतात, आणि शिकवताना ती तुझ्यापेक्षा मोठी होतात, ते त्यांना फार आवडतं.

राहिला पैशांचा प्रश्न, जो तू शेवटच्या ओळीत दबकत विचारला आहेस: तिकिटाचे पैसे सरळ पाठवून दिले तर जास्त उपयोग नाही का होणार? बऱ्याचदा होईल. एका माणसाच्या विमानाच्या भाड्यात एखाद्या मावशीचा बऱ्याच महिन्यांचा पगार निघतो, नाहीतर सुट्टीत मुलांना गावी नेण्या-आणण्याचं बसभाडं. म्हणून दोन्ही जोडून करा. गट लहान ठेवा, सहा जणांचा, वीस जणांचा नाही, आणि न गेलेल्यांनी वाचवलेले पैसे दर महिन्याला, निदान दोन वर्षं, ठरवून पगारासाठी पाठवा. बांधकामाला आणि भिंती रंगवायला देणगीदार मिळतात, पगाराला मिळत नाहीत, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचार.

आता शाळेला एक पत्र लिही. तुम्हाला कोणती कामं हवी आहेत, कोणती नको आहेत, गट किती जणांचा चालेल, आणि आम्ही न येता पैसे पाठवले तर ते तुम्हाला जास्त बरं पडेल का, एवढं विचार. शेवटचा प्रश्न मनापासून विचारलास तर उत्तरही मोकळं येईल. ते आलं की मला कळव. त्यांच्याकडच्या खुर्च्या कोणत्या आहेत ते त्यात विचारून घे, म्हणजे कुठल्या मापाचे पाने आणि ट्यूब घ्यायच्या ते मला सांगता येईल.